डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे व मेक्सिकोंतील एक भित्तिचित्र

१. विषयोपन्यास

वर्धा जिल्ह्याचें नांव काढलें म्हणजे सेवाग्राम, पवनार व बजाजवाडी यांचें स्मरण प्रथम होतें, आणि तें योग्यच आहे. १९३६ सालीं महात्माजी सेगांवीं राहावयास गेल्यापासून या जिल्ह्याकडे सर्व देशाचें लक्ष लागलें. एवढ्या मोठ्या तेजापुढें त्याच भूमींतले इतर दिवे फिके दिसावे यांत कोणाचा दोष नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें तरी ते विझले असें समजूं नये. अशा दिव्यांपैकीं एक म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे होत. त्यांचा जन्म १८८४ सालीं वर्धा येथें झाला, उमेदीचीं बरींच वर्षें मेक्सिको देशांत गेलीं, व २२ जानेवारी १९६७ रोजीं नागपूर येथें त्यांनीं देह ठेवला.

आम्हीं पुलगांव येथें तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. अखेरच्या कांहीं वर्षांत आम्ही वर्गांत मुद्दाम विचारीत असूं कीं, परदेशच्या एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर ज्याचें चित्र आहे असा आपल्या जिल्ह्यांतला पुरुष कोण? उत्तर एकदांहि आलें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें पुष्कळ उशिरांच कळलें होतें. प्रस्तुत लेखाचा हेतु खानखोज्यांचें चरित्र सांगण्याचा नाहीं. तें कार्य मराठींत वीणा गवाणकर यांनीं व इंग्रजींत खानखोज्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनीं केलेलें आहे. येथें आम्हांस एवढाच प्रश्न घ्यावयाचा आहे कीं, मेक्सिको शहरांतील ज्या भित्तिचित्रांत खानखोजे दिसतात असें सांगतात, त्या चित्रास इतिहासाचें साधन म्हणून किती किंमत द्यावी. प्रश्न लहान दिसतो; पण ज्यांचीं वर्षें गुप्त कटांत व परागंदा स्थितींत गेलीं त्या सर्वांच्या इतिहासाशीं तो निगडित आहे.

२. कागदाची उणीव

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील संशोधक एक धडा गिरवीत आले आहेत. मागाहून लिहिलेल्या दहा बखरींपेक्षां त्या काळचें एक अस्सल चिठोरें अधिक मोलाचें, हा तो धडा होय. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तें याच निष्ठेवर. आमचाहि त्यावर पूर्ण विश्वास आहे. परंतु हा नियम लावावयाचा तर चिठोरें शिल्लक राहिलेलें असावें लागतें. आणि क्रांतिकारकाच्या बाबतींत अडचण येते ती नेमकी येथेंच.

खानखोज्यांच्या आयुष्याचा ओघ पाहिला म्हणजे हें ध्यानांत येईल. वर्धा व नागपूर येथील शिक्षणानंतर लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनें त्यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत देश सोडला. प्रथम जपान, तेथून अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें. कॅलिफोर्नियांत सॅन राफेल येथील सैनिकी शाळेंत लष्करी शिक्षण, पुढें ऑरेगन व वॉशिंग्टन या संस्थानांत शेतकीचें उच्च शिक्षण, असा त्यांचा क्रम आहे. एकीकडे बंदूक व दुसरीकडे नांगर, अशा दोन विद्या त्यांनीं एकदमच हस्तगत केल्या. पश्चिम किनाऱ्यावरील पंजाबी मजुरांमध्यें जी संघटना झाली व जिचें रूपांतर १९१३ सालीं गदर पक्षांत झालें, तिच्या उभारणींत त्यांचा हात होता. पहिल्या महायुद्धांत ते इराणांत शिरले व बलुचिस्तानच्या सरहद्दीवरून इंग्रजी सत्तेस शह देण्याच्या उद्योगांत राहिले. १९२१ सालीं ते वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय व भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासमवेत मॉस्कोस गेले. १९२४ सालीं मेक्सिकोस पोंचले, तेव्हां या भ्रमंतीस पूर्णविराम मिळाला.

असा मनुष्य कागद जपून ठेवील कसा? घरीं पाठविलेलें पत्र म्हणजे घरच्यांच्या हातांत बेडी. सहकाऱ्याचें पत्र खिशांत सांपडलें तर त्याचा जीव धोक्यांत. म्हणून हे लोक पत्रें जाळीत, नांवें बदलीत, तारखा मुद्दाम चुकीच्या सांगत. त्यांच्याविषयीं जे समकालीन कागद टिकले, त्यांपैकीं पुष्कळसे त्यांच्या पाठलागावर असलेल्या ब्रिटिश गुप्तचरांनीं लिहिलेले आहेत. म्हणजे ज्याला ज्याची बाजू मांडावयाची नाहीं, त्याच्याच लेखणींतून त्याचा इतिहास आपणांस वाचावा लागतो. उलट बाजूस आहेत त्या उतारवयांतल्या आठवणी व कुटुंबांतील परंपरा. त्या प्रेमानें जपलेल्या असतात, पण समकालीन नसतात. समकालीन असून मित्रपक्षाचें असें साधन क्वचित् मिळतें. मेक्सिकोंतील भिंत हें तसें साधन आहे असें आमचें म्हणणें आहे.

३. भिंत व तिचा कर्ता

मेक्सिकोंत १९१० सालीं राज्यक्रांति सुरू झाली व जवळजवळ दहा वर्षें देश धुमसत राहिला. शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता १९१९ सालीं दग्यानें मारला गेला. परंतु १९१७ च्या राज्यघटनेंत जमिनीच्या फेरवांटणीचें तत्त्व आधींच नमूद होऊन चुकलें होतें. १९२१ सालीं होसे वास्कोन्सेलोस हे शिक्षणमंत्री झाले. या गृहस्थांनीं त्यापूर्वींच भारतीय दर्शनांवर स्पॅनिश भाषेंत एक पुस्तक लिहिलें होतें, ही गोष्ट आमच्यासारख्या संस्कृताच्या शिक्षकास कौतुकाची वाटते. निरक्षर जनतेस देशाचा इतिहास कळावा म्हणून सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या स्वाधीन कराव्या ही योजना त्यांची. शिक्षणखात्याची नवी इमारत १९२२ सालीं उघडली, व १९२३ पासून १९२८ पर्यंत दिएगो रिव्हेरा या चित्रकारानें तिच्या दोन चौकांच्या भोंवतीं, तिन्ही मजल्यांवर, दोनशेंहून अधिक चौकटी रंगविल्या.

याच सुमारास राष्ट्रीय शेतकी विद्यालय मेक्सिको शहराजवळील चापिंगो येथें, एका जुन्या जहागिरीच्या वाड्यांत, नेण्यांत आलें. तेथील प्रार्थनामंदिराच्या भिंतीहि रिव्हेरानेंच रंगविल्या. तें काम १९२७ सालीं संपलें. खानखोजे मेक्सिकोस आले ते रामोन दे नेग्री यांच्या ओळखीच्या बळावर. दे नेग्री पूर्वीं सॅन फ्रान्सिस्को येथें मेक्सिकोचे वकील होते व पुढें शेतकीमंत्री झाले. खानखोज्यांस नेमणूक मिळाली ती याच चापिंगोच्या विद्यालयांत अध्यापक म्हणून. चित्रकार भिंतीवर मचाण बांधून बसला आहे आणि त्याच आवारांत आमचा वर्धेकर गहूं व मका यांच्या जाती तपासीत आहे, असा हा योग आहे. पुढें सापाताच्या नांवानें शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं विनामूल्य शेतकी शाळा निघाल्या, त्यांचें चालकत्व खानखोज्यांकडे आलें. व शेतकऱ्यांच्या संघटनेच्या कामांत रिव्हेराहि होता. दोघांची भेट कशी झाली असेल याची कल्पना करीत बसण्याचें कारण नाहीं; न होणेंच अशक्य होतें.

४. कोरीदो व पोवाडा

शिक्षणखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर रिव्हेरानें जी चित्रमाला काढली तिची रचना मराठी वाचकानें विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. चौकटींच्या वरून एक लाल फीत रंगविलेली असून ती एका चित्रावरून दुसऱ्यावर अखंड जाते, आणि तिच्यावर एका लोकगीताचे चरण लिहिलेले आहेत. या गीतप्रकारास तिकडे कोरीदो म्हणतात.

कोरीदो म्हणजे मेक्सिकोचा पोवाडाच होय. गाणारा आरंभीं बहुधा साल, वार व गांव सांगतो. मग लढाई, फितुरी, घोड्यांची शर्यत, आगगाडीचा अपघात किंवा एखाद्या बंडवाल्याचा मृत्यु यांची हकीकत चार-चार चरणांच्या कडव्यांतून मांडतो. आणि शेवटीं श्रोत्यांचा निरोप घेतो. आपल्याकडे शाहीर अखेरीस स्वतःचें नांव गोंवतो, तिकडे निरोपाचें कडवें असतें, एवढाच काय तो फरक. मेक्सिको शहरांत आंतोनियो व्हानेगास आर्रोयो नांवाचा एक छापखानेवाला असे. तो हीं गाणीं हलक्या रंगीत कागदाच्या एकेका पानावर छापी. फिरते विक्रेते व गायक तीं पानें घेऊन बाजारांत, जत्रांत व आगगाडीच्या फाट्यांवर अल्प किंमतीस विकीत. पानाच्या माथ्यावर चित्र असे, व त्यांपैकीं कित्येक चित्रें होसे ग्वादालूपे पोसादा या कारागिराच्या हातचीं. १९१३ सालीं तो दारिद्र्यांत मेला. पण हसणाऱ्या हाडांच्या सांपळ्यांचीं त्याचीं चित्रें आज मेक्सिकोच्या मृतांच्या सणाची खूण होऊन बसलीं आहेत. हा सण नोव्हेंबराच्या आरंभीं येतो. आपल्या सर्वपित्री अमावास्येप्रमाणें त्यांत गेलेल्यांसाठीं अन्न मांडतात. मात्र तिकडे त्या दिवशीं गाणेंबजावणें व चेष्टामस्करीहि चालते. रिव्हेरा पोसादास आपला गुरु मानी, आणि हा सण व मक्याचा उत्सव हे दोन्ही त्यानें त्याच इमारतीच्या खालच्या चौकांत रंगविले आहेत.

आपल्याकडे ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापला, व य. न. केळकर यांचा ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला भाग १९२८ सालीं निघाला. रिव्हेराचें काम पुरें झालें तेंहि हेंच साल. हा केवळ योगायोग आहे व त्यावर कांहीं उभारूं नये. परंतु पोवाड्यास साधन म्हणून कसें वापरावें याविषयीं आपल्या संशोधकांनीं जी रीत घालून दिली आहे, ती येथें उपयोगी पडते. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा आपण तारखा व सैन्याच्या संख्या ठरविण्यासाठीं वाचीत नाहीं. त्या प्रसंगाकडे त्या काळचे लोक कोणत्या दृष्टीनें पाहत होते, कोणाचें नांव त्यांच्या तोंडीं होतें, व कोणास ते आपला मानीत होते, हें कळावें म्हणून वाचतों. भिंतीवर काढलेला पोवाडाहि असाच वाचावा.

५. मेजाशीं बसलेला पुरुष

या मालेंतील एका चौकटीचें नांव ‘एल पान नुएस्त्रो’, म्हणजे ‘आमचा पाव’, असें आहे; शब्द ख्रिस्ती प्रार्थनेंतले आहेत. येथें एक भाषिक टीप द्यावीशी वाटते. स्पॅनिश ‘पान’ व पोर्तुगीज ‘पांव’ हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दापासून आलेले असून, आपला ‘पाव’ पोर्तुगिजांकडून मराठींत आला. तेव्हां या चित्राच्या नांवांतला शब्द आपल्या घरांत चारशें वर्षें वावरत आहे.

चित्रांत एक लांब मेज आहे. भोंवतीं निरनिराळ्या वर्णांचीं माणसें व मुलें बसलीं आहेत. मागें डोक्यावर फळांची टोपली घेतलेली एक स्त्री उभी आहे. आणि मेजाच्या मध्यभागीं बसलेला, सांवळ्या वर्णाचा पुरुष पाव मोडून सर्वांस वांटून देत आहे. हा पुरुष म्हणजे खानखोजे, अशी ओळख त्यांच्या कुटुंबांत चालत आलेली आहे व चरित्रकारांनींहि ती स्वीकारली आहे. आम्हीं ही भिंत प्रत्यक्ष पाहिलेली नाहीं. छापील रंगीत प्रतींवरूनच हें लिहितों.

ही ओळख पटण्यास चार कारणें आहेत. पहिलें, स्थल व काल. चित्र १९२८ चें आहे, आणि त्यापूर्वींचीं चार वर्षें दोघेहि चापिंगोच्या वर्तुळांत वावरत होते. दुसरें, चित्रकाराची संवय. त्याच वर्षीं त्याच मजल्यावर काढलेल्या शस्त्रागाराच्या चौकटींत शस्त्रें वांटणारी तरुणी फ्रीदा काहलो आहे, आणि तीना मोदोत्ती व चित्रकार सिकेइरोस हेहि तेथें स्पष्ट ओळखूं येतात. आपल्या ओळखीच्या, कार्यांतल्या माणसांस भिंतीवर बसविणें ही रिव्हेराची रीतच होती. तिसरें, विषयाचें औचित्य. धान्याच्या जाती सुधारून गरिबाच्या घरीं अन्न पोंचविण्याच्या उद्योगांत असलेला मनुष्य अन्न वांटण्याच्या चित्रांत मध्यभागीं यावा हें सरळ आहे. चौथें, दुसऱ्या साधनाचा दुजोरा. उपरिनिर्दिष्ट तीना मोदोत्ती ही इटलींत जन्मलेली छायाचित्रकार असून १९३० सालीं तिला मेक्सिकोंतून हद्दपार करण्यांत आलें. त्यापूर्वीं तिनें खानखोज्यांच्या मक्याचीं व त्यांच्या शेतकी शाळांच्या कामाचीं छायाचित्रें घेतलीं. म्हणजे शस्त्रागाराच्या चित्रांत जी स्त्री आहे, तिच्याच छायाचित्रांत खानखोज्यांचें काम आहे. हीं माणसें एकाच मंडळींतलीं होतीं हें यावरून निर्विवाद ठरतें.

६. पूर्वपक्ष व मोटारीच्या सुट्या भागांचा दाखला

यावर पूर्वपक्ष असा येईल : चित्रकार हा कवीप्रमाणें निरंकुश असतो. त्यास भिंत शोभिवंत करावयाची असते व मताचा प्रचारहि करावयाचा असतो. अशाच्या साक्षीवर विसंबावें कसें?

या आक्षेपाचें उत्तर आम्हांस अनपेक्षित ठिकाणीं मिळालें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मोटारींच्या सुट्या भागांचा ठोक व्यापार आहे. त्याच्या पेढीवर एक मोठें छापील चित्र टांगलेलें आम्हीं पाहिलें. कोणाचें म्हणून विचारतां तें त्यास सांगतां येईना. मालाबरोबर आलेल्या एका दिनदर्शिकेंतून त्यानें तें कापून घेतलें होतें. तें रिव्हेराचेंच निघालें. १९३२ च्या जुलैपासून १९३३ च्या मार्चपर्यंत अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या कलासंग्रहालयांत रिव्हेरानें सत्तावीस चौकटी रंगविल्या. त्यांचा खर्च मोटारी करणाऱ्या फोर्ड घराण्यांतील एड्सेल फोर्ड यांनीं दिला. मुख्य दोन भिंतींवर रूज नदीकांठच्या फोर्डच्या कारखान्याचें चित्र आहे : एकीवर इंजिन घडतें, दुसरीवर मोटारीचा सांगाडा जुळतो. हें काम हातीं घेण्यापूर्वीं रिव्हेरानें कारखान्यांत अनेक आठवडे हिंडून रेखाटनें केलीं व छायाचित्रें पाहिलीं.

आम्हीं विद्यार्थ्यास सहज विचारलें, यांतलें खरें किती? तो म्हणाला, “गुरुजी, माल सगळा ओरिजिनल आहे. हा व्ही-आठ इंजिनाचा ब्लॉक. चार सिलिंडर इकडे, चार तिकडे. हीं भोकें पाडायचीं यंत्रें. एकहि भाग उगाच काढलेला नाहीं.” मग क्षणभर थांबून म्हणाला, “पण शॉप असें नसतें. एवढीं यंत्रें इतकीं खेटून लावलीं तर माणूस उभा कुठें राहणार?”

व्ही-आठ इंजिनाची फोर्ड मोटार १९३२ सालींच निघाली होती. म्हणजे ज्या वर्षीं इंजिन बाजारांत आलें त्याच वर्षीं तें भिंतीवर आलें, आणि आज इतक्या वर्षांनीं पुलगांवचा व्यापारी त्याचा भाग न् भाग ओळखतो. मात्र यंत्रांची मांडणी चित्रकाराची आहे. दूरदूरच्या शाळा त्यानें एका चौकटींत ओढून आणल्या आहेत. आमच्या विद्यार्थ्यानें दोन वाक्यांत जें सांगितलें त्यांतच सिद्धांत आहे : रिव्हेराचा एकेक भाग अस्सल, जुळणी त्याची स्वतःची. जो यंत्राच्या बाबतींत इतका काटेकोर, तो ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतींत बेफिकीर असेल असें मानण्यास आधार नाहीं. डेट्रॉइटच्या भिंतीवर एड्सेल फोर्ड यांचेंहि चित्र आहे, व तें हुबेहूब आहे.

त्याच पेढीवर आणखी एक गोष्ट आम्ही शिकलों. बाजारांत अस्सल भागाबरोबर बनावट भागहि येतो. डबी तीच, छाप तोच. मग ओळखावें कसें? व्यापारी प्रथम ठसा व क्रमांक पाहतो, मग वजन पाहतो. पण शेवटची परीक्षा म्हणजे तो भाग यंत्रांत नीट बसतो कीं नाहीं. बळानें ठोकावा लागला तर तो त्या यंत्राचा नव्हे. दस्तऐवजाची परीक्षाहि याहून निराळी नाहीं. शिक्का, वळण व कागद पाहून झाल्यावर आपण हेंच पाहतों कीं, तो इतर साधनांच्या सांखळींत सहज बसतो कीं ओढूनताणून बसवावा लागतो. ‘आमचा पाव’ या चित्रांतील पुरुष खानखोजे आहेत असें धरलें तर १९२४ चें आगमन, चापिंगोची नोकरी, विनामूल्य शाळा व मोदोत्तीचीं छायाचित्रें यांत कोठेंहि ठोकाठोकी करावी लागत नाहीं.

७. चित्र काय सांगतें व काय सांगत नाहीं

हाच सिद्धांत उलट बाजूनेंहि लावला पाहिजे. नाहीं तर आम्ही आपल्या जिल्ह्याच्या अभिमानांत वाहून गेलों असा दोष येईल. जुळणी चित्रकाराची आहे. असें मेज कधीं मांडलें गेलें नाहीं, अशी पंक्ति कधीं बसली नाहीं. खानखोजे हे मेक्सिकोच्या क्रांतीचे नेते होते असा अर्थ यांतून काढणें म्हणजे पोवाड्यांतील अतिशयोक्तीस हिशेबाची वही समजणें होय. मेक्सिकोंत आलेले ते पहिले हिंदी क्रांतिकारकहि नव्हेत. मानवेंद्रनाथ रॉय १९१७ सालींच तेथें पोंचले होते, आणि दोन वर्षांनीं तेथील कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेंत त्यांचा पुढाकार होता. पण रॉय तेथून निघून गेले. खानखोजे राहिले, व तेथल्या मातींत त्यांनीं काम केलें. चित्र जें निश्चितपणें सांगतें तें एवढेंच : १९२८ सालीं मेक्सिकोच्या त्या मंडळींत एका परक्या देशाच्या, परागंदा माणसास पंक्तीच्या मध्यभागीं बसविण्याइतकें आपलें मानीत होते. एवढें सिद्ध होणें थोडें नाहीं. गुप्तचराच्या टिपणांत जो केवळ पाळतीवरचा इसम होता, तो भिंतीवर अन्न वांटणारा आहे. दोन्ही साधनें एकाच माणसाचीं. कोणतें कोणीं लिहिलें हें विसरूं नये.

त्यांच्या शास्त्रीय कार्याविषयींहि असाच विवेक हवा. मक्याच्या एका विलक्षण जातीवर त्यांनीं १९३६ सालीं स्पॅनिश भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला. या जातीचें कणीस एकसंध नसून हाताच्या बोटांप्रमाणें फांटलेलें असतें, म्हणून तिच्या लॅटिन नांवांत ‘बोटांचें’ या अर्थाचें विशेषण आहे. रूढ नांवांत तिला डाळिंबाची उपमा आहे. मक्याची उत्पत्ति कशी झाली या वादांत त्यांनीं हा पुरावा पुढें केला. मका मूळचा मेक्सिकोचा. टोमॅटो व चॉकलेट या वस्तु व त्यांचीं नांवेंहि तिकडचीं. इतकेंच काय, आज वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर जो कापूस मुख्यत्वें पिकतो तोहि ज्या जातीचा आहे तिचें माहेर मेक्सिकोच आहे. पुलगांवचा शेतकरी ज्या बोंडावर संसार चालवितो, तें खानखोज्यांच्या दुसऱ्या घरचें आहे.

परंतु पुढच्या काळांत भारतांत आलेल्या मेक्सिकन गव्हाचें पितृत्व खानखोज्यांस देण्याचा मोह टाळला पाहिजे. तो ठेंगणा गहूं नॉर्मन बोर्लॉग यांच्या चमूनें तयार केला. बोर्लॉग १९४४ सालीं मेक्सिकोंत आले, चापिंगोच्या शेतांतहि त्यांनीं काम केलें, व ठेंगणेपणाचा गुण जपानी जातीपासून घेतला. १९६३ सालीं ते भारतांत आले, आणि १९६६ सालीं भारत सरकारनें मेक्सिकोंतून १८,००० टन बियाणें आणविलें. या सांखळींत खानखोज्यांचा दुवा घुसडणें म्हणजे भाग ठोकून बसविणें होय. तरी एक गोष्ट इतिहासकारानें नोंदून ठेवावी : ज्या चापिंगोंत त्यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत गव्हाच्या जाती पारखल्या, तेथें पुढें सिद्ध झालेल्या विद्येचें फळ भारतांतल्या शेतांत उभें असतांनाच, जानेवारी १९६७ मध्यें, नागपुरास त्यांचे डोळे मिटले.

८. उपसंहार

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ सालीं शेतकीच्या बाबतींत सल्ला देण्यासाठीं त्यांस मध्यप्रांताच्या सरकारचें बोलावणें आलें. चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर ते उघड नांवानें मायदेशीं आले, आणि १९५५ पासून नागपुरास कायमचे राहिले. मेक्सिको त्यांस विसरला नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें चापिंगोच्या विद्यापीठांत लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्तें त्यांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. भिंतीवरील चित्रास त्या वेळीं चौऱ्याण्णव वर्षें होत होतीं.

पुतळे होतात हें चांगलेंच आहे. पण पुतळा हें साधन नव्हे, तो निर्णय आहे. साधनें अजून आपल्या घरांत असूं शकतात. वर्धा, पुलगांव, आर्वी, हिंगणघाट येथील ज्या जुन्या घराण्यांचा खानखोज्यांच्या कुटुंबाशीं किंवा त्यांच्या शाळासोबत्यांशीं संबंध होता, त्यांच्या माळ्यावरील पेट्यांत एखादें पाकीट, एखादें परदेशी तिकीट, खोट्या नांवानें आलेलें एखादें कुशलपत्र पडून असणें असंभाव्य नाहीं. लिहिणाऱ्याचें नांव अनोळखी दिसलें म्हणून तें टाकून देऊं नये. या माणसांचीं नांवें अनोळखी असावींत हीच त्यांची युक्ति होती. असा कागद कोणाजवळ असल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, मूळ आपल्याच घरीं ठेवावें, अशी आमची विनंति आहे. एकेक कागद मिळेल तो भिंतीवरील चित्राशीं लावून पाहतां येईल. बसला तर आपण एक पाऊल पुढें जाऊं. न बसला तर आमचें वरील अनुमान आम्ही तत्काळ दुरुस्त करूं.

मध्यंतरीं वर्गांतल्या त्या जुन्या प्रश्नाची आठवण आम्हीं पेढीवरील विद्यार्थ्यास करून दिली. तोहि कधींकाळीं त्याच बांकांवर बसून निरुत्तर राहिला होता. डेट्रॉइटच्या चित्राशेजारीं आतां त्यानें ‘आमचा पाव’ याची प्रत लावली आहे, व येणाऱ्या गिऱ्हाइकास मेजामागचा मनुष्य आपल्या जिल्ह्याचा आहे असें तो आपण होऊन सांगतो. पुलगांवांत निदान एका भिंतीवर तरी खानखोजे परत आले आहेत. इत्यलम्.